केप मेचा फॉल वॉर्बलर वॉक: पैसे वसूल, पण मे महिन्यातले रंग शोधायला जाऊ नका

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच. गाइडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण थोडी कुरकुर करायचीय आणि एकटीनं धंदा चालवणाऱ्या बाईंचं नाव नेटवर टाकून कुरकुर करणं मला बरं वाटत नाही. फॉलमध्ये केप मेला असे वॉक, म्हणजे गाइडबरोबर चालत वॉर्बलर नावाचे छोटे पक्षी बघायचे कार्यक्रम, घेणारे बरेच जण आहेत, तर बुक करायच्या आधी काय विचारायचं आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघायला मिळतं एवढं कळलं तरी पुष्कळ.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांना केप मे म्हणजे बीच, ती रंगीबेरंगी व्हिक्टोरियन घरं आणि गार्डन स्टेट पार्कवे जिथे संपतो ते टोक एवढंच माहीत असतं, बहुतेक जण जातातही जुलै-ऑगस्टमध्ये. पण बर्डिंगवाले सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट बघतात. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला डेलावेअर बे, मधे ही निमुळती होत गेलेली जमीन. उत्तरेकडून रात्री उडत येणारे छोटे पक्षी, त्यातही यंदाच जन्मलेली पिल्लं जास्त, कोल्ड फ्रंट गेल्यावर जो वायव्येचा वारा सुटतो त्यात किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि उजाडताना बघतात तर पुढे पाणीच पाणी. बे ओलांडायची म्हणजे साधारण २७ किलोमीटर, पलीकडच्या ल्युइस गावाला जाणाऱ्या फेरीबोटीलासुद्धा जवळजवळ दीड तास लागतो. मग यातले खूप पक्षी सूर्य उगवताना उलटे फिरतात आणि बेच्या काठाकाठानं परत उत्तरेला जातात, खायला आणि दडायला झाडी शोधत. याला इथे मॉर्निंग फ्लाइट म्हणतात आणि ती बघायची जागा म्हणजे हिगबी बीच. आमचा वॉक तिथलाच होता.

आता हा वॉक फॉलमध्येच का घ्यायचा, स्प्रिंगमध्ये का नाही, हा प्रश्न मला नवऱ्यानेही विचारला होता. मे महिन्यात वॉर्बलर ओळखायला गाइड लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नर पूर्ण रंगात असतात, वर गातही असतात, आणि तुम्ही फोनवर कुठलंही अ‍ॅप लावलं की ते आवाजावरून नाव सांगून मोकळं होतं. पण विणीचा हंगाम संपला की जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेकांची पिसं बदलतात, काळी टोपी जाते, तांबडी छाती जाते, उरतो तो शेवाळी-पिवळट-करडा असा एक रंग, त्यात माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मिसळली की झाडावर जे काही हलतंय ते सगळं एकाच साच्यातून काढलेलं वाटतं. आणि गाणं जवळपास बंद! फक्त 'चिप'. तो 'चिप'सुद्धा कानाला सगळ्यांचा सारखाच लागतो. अ‍ॅप गप्प. इथले लोक यांना सरळ 'कन्फ्यूजिंग फॉल वॉर्बलर्स' म्हणतात, आणि म्हणूनच पैसे मोजून कुणाकडून तरी शिकायचं असेल तर ते या दिवसांत.

एक गोष्ट मधेच सांगते. आपल्याकडे पुण्यात वगैरे बर्डिंग केलेल्यांना वाटेल, त्यात काय, आपले हिवाळ्यात येणारे वटवटे पण असेच हिरवट-करडे असतात की. असतात, पण दोन फरक आहेत. एक म्हणजे ही दोन घराणीच वेगळी, इथल्या वॉर्बलरांचं आपल्या वटवट्यांशी जवळचं नातं नाही, फक्त इंग्रजीत नाव सारखं पडलंय. आणि दुसरं म्हणजे आपला ग्रीनिश वॉर्बलर हिवाळाभर झाडात ओरडत बसतो, त्या दोन तुकड्यांच्या आवाजावरूनच त्याला निम्मे लोक ओळखतात. इथे ती सोय नाही. डोळ्यांनीच काम करावं लागतं आणि ते डोळे कुठे लावायचे हे त्या गाइडबाई शिकवतात.

तर आम्ही एडिसनहून पहाटे चारला निघालो, मी, नवरा आणि माझे सासरे. बाबा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेत, त्यांना रोज सकाळी फिरायला हवंच असतं, म्हणून त्यांचंही तिकीट काढलं, माणशी ५५ डॉलर, तीन तास. वाटेत वावा नावाच्या दुकानात कॉफी आणि मुख्य म्हणजे बाथरूम उरकून घ्या, ते पुढच्या तीन तासांत आठवतं. साडेसहाला पार्किंगमध्ये भेटायचं होतं, सप्टेंबरच्या शेवटी तिकडे सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे उगवतो. पार्किंग लहान आहे आणि वारा चांगला असला की अंधारातच भरतं, आम्हाला शेवटून दुसरी जागा मिळाली.

पहिला अर्धा तास बाईंनी आम्हाला पुस्तक उघडू दिलं नाही, फोनही खिशात ठेवायला लावला. मला हे आवडलं, ग्रुपमधल्या दोघा-तिघांना अजिबात आवडलं नाही. बाईंचं म्हणणं असं की फॉलमध्ये लोक रंग शोधतात आणि फसतात, तुम्ही झाडाखाली उभे असता, पक्षी डोक्यावर असतो, तेव्हा जे दिसतंय तेच बघा, म्हणजे पोट, बूड आणि शेपटी खालून. पाठ दिसली तर बोनस. शेपटीच्या मुळाशी खालून जी पिसं असतात त्यांचा रंग कुठला, शेपटीवर पांढरं किती आणि कुठे, पायांचा रंग काय, आणि पक्षी वागतोय कसा, शेपटी हलवतोय का, खोडावर जातोय का, जमिनीवर उतरतोय का. एवढंच. मग चेहरा, मग पंखांवरच्या पट्ट्या. आम्ही सगळे नेमकं उलट करतो ना, आधी पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून खूश होतो आणि त्या पट्ट्या निम्म्या पक्ष्यांना असतात.

उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटं वरून नुसते ठिपके जात होते, खरंच नुसते ठिपके, आणि बांधावर उभी असलेली काही तरबेज मंडळी त्या ठिपक्यांची नावं घेत होती. आमच्या बाईंनाही येत असणार, पण त्यांनी उडत्या पक्ष्यांवर आमचा वेळ घालवला नाही, म्हणाल्या हे दहा वर्षांनी करा, आत्ता झाडीत चला. बरोबर केलं.

मग शेतांच्या कडेकडेनं जी झुडपं आहेत तिथे उन्हाची पहिली तिरीप पडते त्या बाजूला उभं राहायचं. किडे तिथे आधी हलायला लागतात म्हणून पक्षी तिथे. दहा मिनिटांत समोरच्या चेरीच्या झाडावर इतकी हालचाल सुरू झाली की बाबा म्हणाले, "अगं, ही सगळी एकासारखी एकच की!" आणि खरं सांगायचं तर तीस डॉलरचं शिक्षण तिथून पुढच्या पाऊण तासात झालं.

त्या झाडावर तीन मुख्य आरोपी होते. ब्लॅकपोल, बे-ब्रेस्टेड आणि पाइन. मे महिन्यात या तिघांत कुणी गोंधळणार नाही, ब्लॅकपोलच्या नराला काळी टोपी आणि पांढरे गाल, बे-ब्रेस्टेडचं डोकं, गळा आणि बगला गडद तांबूस, पाइन सरळ पिवळा. फॉलमध्ये तिघंही वरून शेवाळी, खालून पिवळट, पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या. बाईंनी तिघांना वेगळं कसं करायचं ते असं सांगितलं, मी घरी येऊन लिहून ठेवलंय.

पाठ दिसली आणि ती एकदम साधी असेल, एकही रेघ नसेल, तर पाइनकडे जा. त्याची चोच जरा जाड, शेपटी लांब वाटते, गाल आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद. पाठीवर रेघा असतील तर उरले दोघं. त्यात शेपटीच्या मुळाशी खालून पांढरंशुभ्र असेल आणि छातीच्या बाजूला पुसट, अगदी धुऊन गेल्यासारख्या रेघा असतील तर ब्लॅकपोल. शेपटीखाली मळकट बदामी झाक असेल, छाती कोरी असेल, बगलेत कधी कधी तांबूस डाग राहिलेला असेल तर बे-ब्रेस्टेड. आणि खात्रीच करायची असेल तर पाय. बे-ब्रेस्टेडचे पाय गडद. ब्लॅकपोलचे नडगीला गडद असले तरी पावलं पिवळी.

हे पाय प्रकरण मला थापच वाटली होती. बारा ग्रॅमचा पक्षी, पंधरा फुटांवर, पानांत, त्याचे तळपाय कोण बघणार? पण एक पक्षी फांदीच्या टोकाला उलटा लटकून पानाखालची अळी काढत होता, पाय पूर्ण ताणलेला, ऊन मागून, आणि सगळ्यात आधी कुणाला दिसलं तर बाबांना. "तळपाय पिवळा आहे बघ याचा, हळद लागल्यासारखा." मराठीतच बोलले, बाईंना काय कळणार, मी सांगितलं तर त्यांनी बाबांना चक्क हाय-फाइव्ह दिला. बाबा त्यानंतर तीन दिवस घरात अंगणातल्या चिमण्यांचेसुद्धा पाय बघत होते.

त्या ब्लॅकपोलबद्दल पुढे जे सांगितलं ते ऐकून त्या मळकट पक्ष्याकडे बघायची नजरच बदलली. हा कॅनडा-अलास्काच्या सूचिपर्णी जंगलात वाढतो, आणि फॉलमध्ये ईशान्य किनाऱ्यावर येऊन खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो, कारण पुढचा टप्पा थेट अटलांटिकवरून, मधे कुठे न थांबता. पूर्वी हे लोक अंदाजानं म्हणायचे. मग काही पक्ष्यांच्या पाठीवर जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे लाइट सेन्सर बसवले, पुढच्या वर्षी जे परत आले त्यांचे काढून वाचले, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन ते तीन दिवसांत सव्वादोन ते पावणेतीन हजार किलोमीटर, समुद्रावरून, कॅरिबियन बेटांपर्यंत, आणि तिथून पुढे दक्षिण अमेरिका. म्हणजे त्या झाडावर जे चाललं होतं ती टंकी फुल करायची लगबग होती. मला वाटतं गाइडला पैसे द्यायचे ते यासाठीही, नाहीतर पिवळा पाय बघून नाव लिहायचं आणि पुढे जायचं.

बाकीचे पक्षी भराभर सांगते. मॅग्नोलिया सगळ्यात सोपा, खालून बघितलं की शेपटी अर्धी पांढरी अर्धी काळी, सरळ रेघ मारल्यासारखी, दुसऱ्या कुणाची अशी नसते, फॉल असो की मे. पाम वॉर्बलर जमिनीवर, शेपटी सतत खालीवर, शेपटीखाली पिवळं. रेडस्टार्टची मादी शेपटी उघडून पिवळे पट्टे दाखवत फिरते, तिला ओळखायला तर काहीच करावं लागत नाही. ब्लॅक-थ्रोटेड ब्लूची मादी अख्खी मातकट, पण पंखाच्या कडेला छोटा पांढरा चौकोन, तो शोधा. चेस्टनट-साइडेड फॉलमध्ये मला मे महिन्यापेक्षा जास्त आवडतो हे मी जाहीर सांगते: पाठ कोवळी पोपटी, खालून राखाडी, डोळ्याभोवती पांढरी रिंग, आणि नावात असलेला तांबडा रंग बऱ्याचदा कुठेच नाही. टेनेसी आणि ऑरेंज-क्राउन्ड ही अजून एक जोडी, तिथेही परत बुडावरच निकाल, पांढरं तर टेनेसी, पिवळं तर ऑरेंज-क्राउन्ड.

आणि हो, केप मे वॉर्बलरही दिसला, पिल्लूच असावं, सगळं करडं, छातीवर बारीक रेघा, मानेच्या बाजूला फिकट डाग आणि पाठीच्या खालच्या भागात किंचित हिरवट-पिवळं. या पक्ष्याला गावाचं नाव मिळालं कारण अलेक्झांडर विल्सननं १९व्या शतकाच्या सुरुवातीला ज्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं तो इथे मिळाला होता, आणि गंमत म्हणजे त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं तो गावात कुणी नोंदवलाच नाही. नाव गावाचं, मुक्काम कॅनडाच्या स्प्रूसच्या जंगलात.

आता अजून एक गोष्ट, जी काही लोकांना खटकली पण माझ्या लेखी हीच या वॉकची सगळ्यात मोठी जमेची बाजू. बाई पक्षी सोडून देत होत्या. म्हणजे नुसतं पोट दिसलं आणि पक्षी उडाला, ग्रुपमधल्या एका काकांनी छातीठोकपणे "बे-ब्रेस्टेड!" म्हटलं, तर त्या शांतपणे म्हणायच्या की बूड बघितलं का, पाय बघितला का, नाही ना, मग यादीत 'वॉर्बलर, जात माहीत नाही' असं जाईल. नंतर ईमेलनं यादी आली त्यात हा आकडा बराच मोठा होता. काकांचा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, हुकला, ते नाराज. पण मी याआधी दुसऱ्या एकांबरोबर गेले होते, त्यांना प्रत्येक पान हललं की नाव ठाऊक असायचं, आणि घरी येऊन फोटो बघितले तर काहीच जुळत नव्हतं. त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

आता कुरकुर.

एक म्हणजे ग्रुप. वेबसाइटवर आठ जण लिहिलंय, प्रत्यक्षात आम्ही तेरा होतो. झुडपाच्या कडेच्या अरुंद वाटेवर तेरा माणसं म्हणजे मागच्या चौघांना पक्षी दिसतच नाही, फक्त "गेला!" ऐकू येतं. बाई मागच्यांना पुढे बोलवत होत्या, पण तोपर्यंत खरंच गेलेला असायचा. बुक करताना आकडा लेखी विचारा.

दुसरं म्हणजे भाड्याची दुर्बीण. बाबांसाठी दहा डॉलर जास्त देऊन घेतली तर १०×५० निघाली, जड, आणि दहा पट मोठं दिसतं म्हणून चांगली असं काही नसतं, वॉर्बलरसारख्या एका जागी दोन सेकंद न थांबणाऱ्या पक्ष्याला ती लावेपर्यंत तो तिसऱ्या फांदीवर. शिवाय डोळ्यापाशीचं एक रबर फाटलेलं. चष्मा लावणाऱ्या माणसाला त्यातून काय दिसणार, शेवटी माझी ८×४२ त्यांना दिली आणि मी नवऱ्याची हिसकावली. घरची ८×४२ किंवा ८×३२ असेल तर तीच न्या, कुणाकडून तरी मागून न्या, पण ही भाड्याची नको.

तिसरं, शेवटचा पाऊण तास. पावणेनऊला झाडी शांत झाली तर आम्हाला गाड्या काढून दीपगृहाजवळच्या स्टेट पार्कमध्ये हॉक वॉच प्लॅटफॉर्मवर नेलं. आता तिथे ससाणे, ऑस्प्रे बघायला मजा येते, १९७६ पासून तिथे दर फॉलला शिकारी पक्ष्यांची मोजणी होतेय, पण ते प्लॅटफॉर्म सगळ्यांना फुकट खुलं आहे, त्यासाठी मी वॉर्बलर वॉकचे पैसे कशाला देऊ? त्या वेळात सावलीच्या बाजूला अजून एक चक्कर झाली असती. एक स्टार कापला तो मुख्यतः यासाठीच.

आणि चौथं, म्हटलं तर त्यांची चूक, म्हटलं तर नाही. वॉक ठरल्या तारखेलाच होतो, पाऊस असेल तरच पैसे परत. पण इथे सगळा खेळ वाऱ्याचा आहे. आदल्या रात्री दक्षिणेचा वारा असेल तर पक्षी उत्तरेतच थांबतात आणि तुम्ही सकाळी रिकाम्या झाडांकडे बघत बसता. आम्हाला वायव्येचा मिळाला ते नशीब, मागच्या शनिवारच्या ग्रुपला म्हणे दोन तासांत चार जाती दिसल्या. अशा वेळी तारीख बदलून द्यायला हवी असं मी त्यांना फीडबॅकमध्ये लिहिलंय, उत्तर आलं की विचार करू.

पोरांना न्यायचं का? दहा वर्षांखालची नको, तीन तास मान वर करून उभं राहायचंय आणि धावायला जागा नाही, शिवाय वाटेच्या दोन्ही बाजूंना अंगाला लागली की खाज सुटणारी पॉयझन आयव्ही भरपूर आहे आणि गवतात टिक्स, म्हणजे गोचिड. फुल पँट, मोजे पँटवर ओढलेले, घरी आल्यावर सगळ्यांनी अंग तपासायचं. ज्येष्ठांना मात्र काही त्रास नाही, वाट सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही, मानेनं केली. खायला तिथे काही नाही, आम्ही थेपले आणि उकडलेली अंडी नेली होती, थेपले त्या काकांनाही दिले, जात न कळलेल्या पक्ष्याचं दुःख जरा कमी झालं असावं.

बुक करायचाच असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. जातींची सरमिसळ तेव्हा सगळ्यात चांगली असते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर गेलात तर झाडोझाडी यलो-रम्प्ड वॉर्बलरच, त्यांना बेबेरी नावाच्या झुडपाच्या फळांवरचं मेण पचतं म्हणून ते थंडीतही इथे टिकून राहतात, आणि ते ओळखायला कमरेवरचा पिवळा ठिपका पुरतो, ५५ डॉलर घालवायची गरज नाही. जमलं तर आठवड्यातला दिवस घ्या, शनिवार नको. आदल्या रात्री बर्डकास्ट या वेबसाइटवर रडार बघा, ते फुकट आहे, तुमच्या काउंटीवरून किती पक्षी जातायत त्याचा अंदाज तिथे येतो, आणि आकडा मोठा असेल आणि वारा वायव्येचा असेल तर बुकिंग नसलं तरी गाडी काढा, बूड आणि पाय बघायला लायसन्स लागत नाही.